आयपीए उघडण्याआधी तारीख बघा

नमस्कार मंडळी! ज्यांचं बिअर पिण्याचं कायदेशीर वय झालंय, त्यांच्यासाठीच हा व्हिडिओ. महाराष्ट्रात ते सौम्य बिअरसाठी 21 आणि कडक बिअरसाठी 25 आहे.

(कॅन उलटा धरून)

ही आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल या प्रकारची बिअर. आधी तारीख बघू. तीन आठवड्यांपूर्वी भरलीय, म्हणून आज उघडतेय. मागच्या उन्हाळ्यात एका दुकानातून पाच महिने जुना कॅन आणला होता, फ्रिजबाहेर ठेवलेला. पहिला घोट घेतला तर भिजलेला पुठ्ठा चावल्यासारखं वाटलं. "आयपीए म्हणजे नुसती कडू" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला अशीच शिळी बिअर आलेली असते. मला त्याचं फार वाईट वाटतं.

कारण सगळी गंमत हॉप्सची आहे. हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती एका वेलीची मादी फुलं. ही वेल गांजाच्या कुळातली. फूल उलगडलं की आत हळदीसारखी पिवळी पूड दिसते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. कडवटपणा त्याच पुडीत आणि वासही त्याच पुडीत. पूड तासभर उकळली की तिच्यातली आम्लं बदलून कडू होतात, पण वासाची तेलं वाफेबरोबर उडून जातात. आमटीत कोथिंबीर आपण शेवटी का घालतो? अगदी तसंच. वासाचे हॉप्स उकळी संपताना घालतात, नाहीतर थेट आंबून झालेल्या बिअरमध्ये. त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. असा जपून आणलेला वास उष्णतेत आणि हवेच्या संपर्कात भराभर मरतो. उजेडाचं तर विचारूच नका. पारदर्शक बाटली उन्हात राहिली तर हॉप्सच्या कडू घटकांपासून जे रसायन तयार होतं, ते स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीच्या जवळचं असतं.

आता नावातल्या 'इंडिया'कडे येऊ. लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच लागायची आणि हा माणूस कप्तानांना 18 महिन्यांची उधारी द्यायचा. मुंबई, मद्रास, कलकत्त्याला त्याची बिअर पोहोचली ती त्या उधारीवर. प्रवासासाठी त्यानं मुद्दाम नवी बिअर शोधून काढली, ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती खरी नाही. भरपूर हॉप्सची फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासूनच होती. आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार-सहा महिन्यांनी ती इथे उतरायची आणि पिंपात छान मुरलेली असायची. म्हणजे मूळची आयपीए मुरायची. आजची मात्र मुरत नाही, नुसती विझते.

हा बदल अमेरिकेत झाला. 1972 मध्ये ओरेगनमधून कॅस्केड नावाचं हॉप्सचं वाण आलं. त्याला लिंबूवर्गीय फळांचा वास होता, आणि तिथल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी तो वासच बिअरचा नायक केला.

(ओतत)

ग्लास अर्धाच भरा. फेस येऊ द्या, वास तोच वर आणतो. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं झालीत. बर्फगार बिअरला वासच येत नाही. लगेच पिऊ नका. ग्लास हलकेच फिरवा आणि नाक आत घाला.

(वास घेत)

अहाहा! पपनसाची साल नखानं चिमटली की उडतो ना, तो तेलकट फवारा. मागून पिकलेला पेरू. आणि किंचित राळ, लाकूड तासल्यासारखी.

आता घोट. आधी मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा गोडवा, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा. मग कडवटपणा येतो आणि जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो. पहिल्या घोटावर मत बनवू नका. कारल्याचंही पहिल्या घासाला कुणी कौतुक करत नाही. तिसऱ्या घोटाला जीभ रुळते आणि कडूच्या आडून फळं दिसायला लागतात.

सोबत तळलेले बोंबील घ्या, कडवटपणा तेल कापतो. झणझणीत रस्सा नको, तिखट आणखी चढतं.

कॅन ताजा मिळत नसेल तर जिथे बिअर बनते तिथेच जाऊन प्या. पुण्यात 2009 मध्ये डुलाली सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक. ते नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत ब्रिटिश सैनिक तिथल्या छावणीत अडकून पडायचे.

(ग्लास उजेडाकडे धरून)

बोलता बोलता ही थोडी कोमट झाली. आता पेरू मागे गेलाय आणि आंबा पुढे आलाय. थांबा, अजून एक घोट घेते.