मुक्काम कुठे करायचा? नवापूर ते रावेर, सातपुड्याच्या पायथ्याने

(दृश्य : नवापूर रेल्वे स्टेशन, सकाळ. नंतर रस्त्यावर निघालेली पांढरी कॅम्पर गाडी.)

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत आहे, अर्धं महाराष्ट्रात. खानदेश इथून सुरू होतो आणि आपला रस्ताही. नंदुरबार, प्रकाशा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर. प्रकाशापासून पुढे उजव्या हाताला कुठे जवळ, कुठे लांब तापी. शहादा सोडलं की डाव्या हाताला सातपुडा शेवटपर्यंत सोबत. कुणी ठरवलंच तर हे अंतर एका दिवसात कापता येईल. पण आपली गाडी झोपायची गाडी आहे. मागे गादी, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सोलर पॅनेल. अशा गाडीने निघालेल्या माणसाला पोचण्यापेक्षा थांबण्याची काळजी जास्त. आज रात्री गाडी कुठे लावायची?

मोबाइलच्या नकाशात या वाटेवर ‘कॅम्पिंग’ शोधा. हाताला फारसं काही लागत नाही. एखादं रिसॉर्ट, एखादं बंद पडलेलं उद्यान, आणि मग थेट नाशिककडची द्राक्षबागांतली तंबूंची ठिकाणं. म्हणून बरेच गाडीवाले खानदेश रात्रीतून ओलांडतात. सुरत ते नागपूर महामार्ग धरायचा, धुळ्याजवळ एखाद्या ढाब्यावर शेवभाजी खायची आणि पुढे सुटायचं. या भागात राहून पाहण्यासारखं किती आहे, हे त्यांना कळतच नाही. ते कळावं, याच तळमळीने हे निवेदन लिहिलं आहे.

(दृश्य : जुना नकाशा. त्यावर एकेक गावाचं नाव उमटत जातं.)

ही वाट आजची नाही. सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याला जाणारे व्यापारी इथूनच जात. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासाचे टप्पे लिहून ठेवले आहेत. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर आणि मग बऱ्हाणपूर. दोन मुक्कामांमधलं अंतर त्याने कोसात दिलं आहे. त्यात एक नोंद आपल्या कामाची आहे. सुरतेहून नवापूरकडे येताना एक टप्पा फार लांब पडायचा आणि सरहद्दीच्या त्या भागात तांड्यांवर हल्ले व्हायचे. म्हणून शाहजहानच्या मुलीने, बेगमसाहेब जहाँआराने, मधे एक मोठी सराई बांधून दिली. टप्पा लांब पडतो, वाटसरूला धोका आहे, तर मधे निवारा हवा. मुक्कामाची जागा अशी गरजेतून ठरत होती.

अमेरिकेतही फार वेगळं घडलं नाही. 1962 साली सिएटलला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावावरून त्या प्रदर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. तिथल्या एका माणसाने यलोस्टोन नदीकाठची आपली जागा या गाड्यांना उतरायला खुली केली. केओए ही कॅम्पग्राउंडची मोठी साखळी त्यातून उभी राहिली. आज तिकडच्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा झोपायच्या गाड्यांच्या तळावर, गाडी जागेवर लावली की विजेचा खांब, पाण्याची तोटी आणि सांडपाण्याचा पाइप शेजारीच मिळतो. कोणत्या खांबावर 30 अँपिअर, कोणत्या खांबावर 50, हेही बुकिंग करतानाच कळतं.

इकडे महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं, म्हणजे राहत्या गाडीतून फिरण्याचं, धोरण आणलं. त्याच्या आदल्या वर्षी कृषी पर्यटनाचं धोरण आलं. कागद तयार आहे. या वाटेवर खांब आणि तोटी मात्र अजून शोधावी लागते.

(दृश्य : साक्री तालुक्यातला माळ. मेंढ्यांचा वाडा, घोड्यावर लादलेला संसार.)

आता या लोकांकडे नीट पाहा. हे ठेलारी मेंढपाळ. वर्षातला मोठा काळ उघड्यावर काढतात. आज कुठे उतरायचं, हे त्यांना कुठलंही ॲप सांगत नाही. पाणी किती लांब आहे, शेत कुणाचं, पीक निघालं का, शेतकऱ्याला खत हवं आहे का, एवढं पाहून ते वाडा बसवतात. मेंढ्या रात्रभर शेतात बसतात, लेंडीखत पडतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. ऊसतोड कामगारांचंही तसंच. कारखान्याचा हंगाम लागला की शहाद्याच्या परिसरात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात, पाण्याच्या जवळ आणि रस्त्यापासून जरा आत. उघड्यावर झोपण्याची विद्या खानदेशात या माणसांकडे आहे. त्यांच्यासाठी ती हौस नाही, पोटाचा प्रश्न आहे. हे मनात ठेवून त्यांच्याशी बोलावं. जागेबद्दल त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

त्यांच्याकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे वेळ. दिवस मावळायच्या आत उतरायचं. डिसेंबरात इकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून चारला शोध सुरू करा आणि पाचला गाडी लावा. अंधारात जागेचा उतार कळत नाही, वरून गेलेली तार दिसत नाही, माती ओली आहे की कोरडी तेही समजत नाही. त्यातून हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. कित्येकींच्या मागे लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा नसते. शहादा ते शिरपूर रस्ता अंधारात टाळाच.

दुसरी गोष्ट माती. तापीकाठची जमीन काळी, कसदार. कोरडी असताना दगडासारखी टणक, पण अवकाळीची एक सर आली तरी तीन टनांची गाडी चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतते. म्हणून मुरमाची जागा बघा. खळं, गोदामापुढचं अंगण, बाजार समितीचं आवार, देवळापुढचं पटांगण. केळीच्या बागेकडेने गाडी आत घेणार असाल तर आधी खाली उतरून चालत जा. ठिबकच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या असतात. चाकाखाली एक नळी फुटली की शेतकऱ्याच्या पूर्ण ओळीचं पाणी तुटतं.

(दृश्य : प्रकाशा. तापी आणि गोमाईचा संगम, घाटावरची गर्दी.)

पहिला मुक्काम प्रकाशाला. लोक याला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचं मंदिर, नदीचा घाट आणि भाविकांची कायमची ये-जा. देवस्थानाच्या गावाला रात्रीच्या पाहुण्याचं नवल नसतं. इथे नकाशात ‘कॅम्पिंग’ शोधू नका, ‘भक्तनिवास’ शोधा. फोन करून सरळ विचारा, खोली नको, आवारात गाडी लावून झोपलं तर चालेल का? संडास-बाथरूम वापरू द्याल का? बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. पावती फाडा, वर यथाशक्ती देणगी द्या.

गाडी नदीच्या पात्रात मात्र उतरवू नका. वाळू कितीही स्वच्छ दिसो. प्रकाशाला आणि सारंगखेड्याला तापीवर बॅरेज आहेत. दरवाजे उघडले की पाणी कधी चढेल, हे काठावरच्या माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

(दृश्य : सारंगखेडा, घोडेबाजार. धुळीतून चालणारे घोडे, मागे कापडी पालं.)

मार्गशीर्षात निघालात तर वाकडी वाट करून सारंगखेड्याला या. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. दूरदूरचे व्यापारी घोडे घेऊन येतात आणि घोड्याशेजारीच पाल ठोकून राहतात. चाऱ्याची गाडी फिरते, पाण्याचा टँकर येतो, न्हावी येतो, चहावाला येतो. याच काळात होणाऱ्या चेतक फेस्टिव्हलमध्ये पर्यटकांसाठी तंबूंची वसाहतही उभारली गेली आहे. म्हणजे काही दिवसांसाठी का होईना, याच तापीकाठी हजारो माणसांच्या राहण्याची सोय दर वर्षी होते. बिलिंग्जच्या त्या माणसाने प्रदर्शनाच्या वाटेवर जे ओळखलं, ते इथल्या एखाद्या शेतकऱ्याने ओळखायला काय हरकत आहे? यात्रा संपल्यावर चार गाड्यांपुरती जागा, एक तोटी, एक कुलपाचा संडास आणि 16 अँपिअरचा एक बोर्ड राहिला तरी पुरे. हे अवघड नाही, आणि व्हायलाच हवं.

(दृश्य : तोरणमाळचा घाट. वळणावर थांबून वाट देणारी जीप.)

शहाद्याहून तोरणमाळ. साधारण 1,150 मीटर उंचीवरचं पठार, मधोमध यशवंत तलाव, पुढे सीताखाईची खोल दरी. घाटाची वळणं अरुंद आहेत. लांब गाडी असेल तर ती खालीच ठेवा आणि वर जीपने जा. छोटी कॅम्पर असेल तर सकाळच्या उजेडात चढवा. महाशिवरात्रीच्या दिवसांत गोरखनाथाच्या यात्रेला पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो, तेव्हा गाडी वर नेण्याचा हट्ट नको. जानेवारीत इथे रात्री कडाक्याची थंडी पडते. वरचा बाजार छोटा आहे, म्हणून गॅस, पाणी आणि डिझेल शहाद्यातच भरून घ्या.

आणखी एक. नकाशात ‘उनपदेव’ टाकलंत तर नीट बघा. गरम पाण्याच्या झऱ्याची या नावाची दोन ठिकाणं आहेत. एक शहादा तालुक्यात दऱ्याजवळ, दुसरं चोपडा तालुक्यात अडावदजवळ. दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याला आणि दोन्ही आपल्याच वाटेवर. चुकीच्या उनपदेवाचा रस्ता लागला तर दिवस गेला.

(दृश्य : संध्याकाळ. शेतातलं घर, अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजली जाणारी वांगी.)

शिरपूर सोडलं की मुक्कामाची उत्तम जागा म्हणजे शेत. पण मालकाला विचारल्याशिवाय नाही. गाडी रस्त्यावरच ठेवा, चालत आत जा, हाक मारा. पुढून अहिराणीत प्रश्न येईल, “कथा जाई ऱ्हायनात भाऊ?” म्हणजे, कुठे चाललात? खरं सांगा. कुठून आलो, किती जण, सकाळी किती वाजता निघणार. नाव आणि फोन नंबर द्या. गावात पोलीस पाटील असतात, त्यांच्याही कानावर घाला. रात्री अनोळखी गाडी दिसली की गावाला काळजी वाटते, आणि ती वाटणं बरोबरच आहे. एकदा ओळख पटली की “आठेच (इथेच) मुक्काम करा” म्हणणारी माणसं इथे भरपूर आहेत. हिवाळ्यात भरताची पंगत सुरू असेल तर तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. कळण्याची भाकरी, भरीत, हिरवी मिरची, वर कच्चा कांदा. पैसे देऊ केले तर राग येईल. घरातल्या लहानग्यांसाठी काहीतरी आधीच आणून ठेवा.

विजेची भिस्त मात्र शेतावर ठेवू नका. कृषिपंपांना तीन फेजची वीज ठरावीक तासच मिळते आणि कित्येकदा ती पाळी रात्रीची असते. तुमच्या बॅटरीसाठी त्याच्या पंपाची वायर हलवायला लावणं बरं नव्हे. सोलर पॅनेल आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊनच निघा. प्लग लावायची वेळ आलीच तर आधी अर्थिंग नीट आहे का ते तपासा, कॅम्परची बॉडी लोखंडाची आहे.

संडासाच्या टाकीचं काय करायचं, हे कुणी उघड बोलत नाही. मी बोलते. नाल्यात, विहिरीजवळ, केळीच्या बांधावर ती कधीच रिकामी करायची नाही. पेट्रोल पंप, मोठा ढाबा किंवा लॉज इथे विचारून, त्यांच्या सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात ओता आणि भरपूर पाणी टाका. त्यांच्या हातावर शंभर रुपये ठेवा. टाकीत टाकायचा रासायनिक द्रव मात्र जपून वापरा, त्याने सेप्टिक टँकमधले जंतू मरतात.

(दृश्य : पालच्या वाटेवरचं सागाचं जंगल. वन विभागाचं नाकं.)

यावल आणि रावेरच्या उत्तरेला यावल अभयारण्य आहे, 1969 साली जाहीर झालेलं. त्याला लागून पाल हे थंड हवेचं गाव आणि जवळच सुकी नदीवरचं धरण. जागा मोहात पाडणारी आहे, पण अभयारण्यात कडेला गाडी लावून झोपणं हा गुन्हा आहे. वन विभागाचं विश्रामगृह आधी बुक करा आणि गाडी त्याच्या आवारात लावण्याची परवानगी वनपरिक्षेत्र कार्यालयातून घ्या. हा फोन कामाच्या दिवशी, दुपारच्या आत करायचा. शनिवारी संध्याकाळी नाक्यावर उभं राहून विनंती करण्यात अर्थ नाही, तिथल्या वनरक्षकाच्या हातात ते नसतं. आग पेटवू नका. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत सागाची वाळलेली पानं खच पडून असतात आणि सातपुड्यात वणवा एका ठिणगीने लागतो. रात्री पाण्यावर प्राणी येतात, म्हणून धरणाच्या काठापासून लांबच राहा.

(दृश्य : सावदा ते रावेर रस्ता. केळीचे घड भरणारे मजूर, ओळीने उभे ट्रक.)

शेवटचा टप्पा केळीचा. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे आणि रावेर, यावल हे तिचं माहेर. माल कापायला लागला की ट्रक रात्री भरले जातात आणि रात्रीच निघतात. रस्त्यालगत झोप लागणार नाही, दोन किलोमीटर आत जा. मार्चनंतर मात्र हा प्रवास करूच नका. मे महिन्यात इथलं तापमान 45 अंशांपर्यंत जातं आणि पत्र्याच्या गाडीत मध्यरात्रीही अंग भाजतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस योग्य.

रावेरनंतर रस्ता मध्य प्रदेशात शिरतो आणि पुढे बऱ्हाणपूर, जिथे मुघल काळातली अकबरी सराई आजही उभी आहे. कॅम्पर भाड्याने घेतली असेल तर दुसऱ्या राज्यात जाण्याचा परवाना आणि कर भरला आहे का, हे नवापुरातून निघण्याआधीच मालकाला विचारून घ्या. हद्दीवर रात्री ते कागद मिळत नाहीत.