सातबाऱ्यावरची दुरुस्ती: कलम १५५ मध्ये काय बसतं, काय नाही

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातला एक गट, म्हणजे क्रमांक दिलेला जमिनीचा तुकडा, उदाहरण म्हणून धरू. हस्तलिखित सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८० हेक्टर, म्हणजे ८० आर, जवळजवळ दोन एकर. संगणकावर चढवताना शून्य पुढे सरकलं आणि ०.०८ झालं. आता उतारा सांगतो जेमतेम आठ गुंठे. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणारी पिकाची नोंद) कांदा तेवढाच लागतो, सोसायटीचं पीककर्जही तेवढ्यावरच बसतं.

याला उपाय आहे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १५५. पण इथे ‘दुरुस्ती’चा अर्थ फार अरुंद आहे, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडकतात. मूळ कागदात जे आहे तेच उताऱ्यावर आणायचं, एवढंच. लिहिताना झालेली चूक, म्हणजे लेखनप्रमाद, यात बसतो. सगळ्या संबंधितांना मान्य असलेली चूकही बसते. नवा हक्क मात्र बसत नाही. वारस नोंदीत बहिणीचं नाव घेतलंच नाही आणि भावांना ते कबूल नाही, तर तो वाद झाला. त्या फेरफाराविरुद्ध, म्हणजे हक्कबदलाच्या त्या नोंदीविरुद्ध, प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी) अपील करावं लागतं.

म्हणून आधी चूक कुठे शिरली ते शोधा. सातबाऱ्यावर नावापुढे फेरफार क्रमांक असतो, जुने क्रमांक खाली दिलेले असतात. एकेक फेरफार काढत मागे जा. ज्या उताऱ्यावर आकडा बरोबर आहे तो, आणि ज्यावर पहिल्यांदा चुकला तो, या दोन्हींच्या नकला हातात आल्या की अर्धं काम झालं. आमच्या मते नुसता ताजा उतारा लावलेला अर्ज देऊच नये. तो काहीच सिद्ध करत नाही.

क्षेत्राची चूक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून आकारबंदाची, म्हणजे प्रत्येक गटाचं क्षेत्र आणि आकार नोंदलेल्या मूळ कागदाची, नक्कल घ्या. गटाचं एकूण क्षेत्र आकारबंदाशी जुळलंच पाहिजे. आणि चूक खरेदीखतातच असेल, तर तहसीलदार काही करू शकत नाहीत. आधी दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्ती पत्र नोंदवा, मग तलाठ्याकडे या.

अर्ज तहसीलदारांच्या नावे. त्यात तीनच गोष्टी स्पष्ट लिहा: गट नंबर, आत्ता काय दिसतं, काय दिसायला हवं आणि कोणत्या कागदावरून. ‘माझा सातबारा सुधारून मिळावा’ एवढं मोघम लिहू नका. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह.

आदेश विरोधात गेला, तर अपिलाला ६० दिवस असतात. बाजूने लागला, तरी थांबू नका. आदेशावरून नवा फेरफार धरला जातो आणि तो मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केल्याशिवाय उतारा बदलत नाही. त्यानंतर सातबाऱ्याबरोबर आठ-अ, म्हणजे तुमच्या खात्यावरची गावातली सगळी जमीन दाखवणारा उतारा, तोसुद्धा काढून बघा. दोन्हींवरचं त्या गटातलं तुमचं क्षेत्र जुळलं पाहिजे.