अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाची मुलाखत: इंग्रजी राहू द्या, नावं बघा

नमस्कार मंडळी! नाशिकच्या गंगापूर रोडच्या घरातूनच बोलतोय, मागे कुकर लावलाय, शिट्टी झाली तर सांभाळून घ्या.

आजचा व्हिसा फिरायला जायचा नाही, कायमचं राहायला जायचा. अमेरिकेतल्या काकांनी आत्यासाठी अर्ज भरला तेव्हा मी शाळेत होतो. भावंडांच्या एफ-४ गटात आपल्याकडची रांग १५ वर्षांच्या पुढेच. मुलाखतीचं पत्र आलं तोवर मला टक्कल पडलं होतं.

आत्याला भीती कसली, तर इंग्रजीची! अहो, मुंबईच्या कॉन्सुलेटात मराठीत बोलता येतं. घोळ होता कागदांत. हे बघा. जन्मदाखल्यावर सिंधू. लग्नात तांदळात नाव लिहिलं सुनंदा, पासपोर्टही सुनंदाचाच. डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये आधीची नावं विचारतात, तिथे माहेरचं नाव विसरू नका. लग्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं मूळ प्रतीत न्यायचं. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतरकाराचं सहीनिशी निवेदन. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर जन्मदाखल्याशी ताडून बघा. मास्तरांनी निम्म्या वर्गाला तीच दिलेली असते!

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्यायचा. मेडिकल मुलाखतीच्या आधी, आणि कॉन्सुलेटनं नेमलेल्या डॉक्टरांकडेच. आपल्या फॅमिली डॉक्टरचा रिपोर्ट चालत नाही, ते कितीही ओळखीचे असोत.

सकाळची वेळ असेल तर पंचवटी एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नका, ती नाशिकरोडलाच सातच्या सुमारास येते. आदल्या दिवशी मुंबई गाठा. बीकेसीला कॉन्सुलेटच्या आत फोन, स्मार्टवॉच काही नेता येत नाही. आत्याचा फोन घेऊन मी बाहेर रस्त्यावर उभा.

आत बोटांचे ठसे, उजवा हात वर करून शपथ. मग खिडकीतून प्रश्न: भाऊ काय करतो, शेवटचा कधी आला? "आईच्या दिवसांना. रामकुंडावर आम्ही दोघंच होतो," आत्या म्हणाली. तिनं पाठ केलेलं उत्तर वेगळंच होतं.

एवढं होऊन हातात २२१-जीची चिठ्ठी, म्हणजे आणखी कागद द्या, तोवर व्हिसा थांबला! भाऊ-बहीण ठरवायला दोघांच्या जन्मदाखल्यांवरचे आईबाप ताडून बघतात. आत्याच्या दाखल्यावर आजी गंगाबाई, काकांच्या दाखल्यावर गंगूबाई. सिंधू-सुनंदा करता करता आजीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

घाबरलो नाही म्हणणार नाही. पण चिठ्ठीवर मागितलेलं तेवढंच दिलं: दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं शपथपत्र आणि आजीचे जुने कागद. काही आठवड्यांनी पासपोर्ट आला, आत व्हिसा. आत्यानं आधी तो आजीच्या फोटोपुढे ठेवला.