पन्नास वर्षांचा करार

(दृश्य: पहाट. रस्त्याच्या कडेला थांबलेले कामगार.)

पहाटे पाचच्या सुमारास सुदामा नगरच्या कोपऱ्यावर डबे घेतलेली मुलं उभी असतात. कंपनीची बस येते, राऊ मागे टाकते आणि पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागते. आम्हा इंदूरच्या मराठी घरांत ‘मुलगा पीथमपूरला आहे’ एवढं सांगितलं की पुरतं. महिना भरला की पगार त्याच्या खात्यात येणार, हे त्यात आलंच.

पीथमपूरचं सेझ, म्हणजे निर्यातीसाठी उद्योगांना सवलती देणारं विशेष आर्थिक क्षेत्र, २००३ मध्ये सुरू झालं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी इथल्या औषधांची खोकी एबी रोडने सेंधवा, धुळे, नाशिक करत न्हावा-शेव्याला पोहोचतात आणि परदेशी जातात.

(दृश्य: नकाशा. उत्तर कोरियाचं ईशान्य टोक.)

आता हे रासोन. इथे समुद्र दारातच आहे. बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. एका अंगाला चीन, दुसऱ्या अंगाला रशिया. उत्तर कोरियाने १९९१ च्या डिसेंबरमध्ये हे क्षेत्र जाहीर केलं, पीथमपूरच्या बारा वर्षं आधी. करसवलतीही दिल्या. हाँगकाँगच्या एका उद्योगसमूहाने तिथे हॉटेल आणि कसिनो उभा केला. कारखान्यांचं जे शहर कागदावर रेखलं होतं, ते मात्र कागदावरच राहिलं.

निर्बंधांमुळे असं झालं, हे उत्तर आपल्याला पटकन सुचतं. ते खोटं नाही. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी उत्तर कोरियाशी भागीदारीत उद्योग चालवण्यावरच बंदी घातली. पण संयुक्त राष्ट्रांचे पहिले निर्बंध २००६ चे. त्याआधीची पंधरा वर्षं चिनी व्यापाऱ्याला रासोनला जायला कुणी आडवं येत नव्हतं. तरी मोठा पैसा आला नाही. का?

(दृश्य: जुन्या शेन्झेनची छायाचित्रं.)

उत्तर शोधायला आधी शेन्झेनला जाऊ, चीनच्या अशाच एका विशेष आर्थिक क्षेत्रात. १ डिसेंबर १९८७. एका सभागृहात जमिनीच्या तुकड्याचा लिलाव चालू आहे. बोली आहे ती पन्नास वर्षं ती जमीन वापरण्याच्या हक्कासाठी. चीनच्या तेव्हाच्या राज्यघटनेत जमीन भाड्याने देणंही निषिद्ध होतं. तरी हातोडा पडला. चार महिन्यांनी, एप्रिल १९८८ मध्ये, चीनने राज्यघटनाच बदलली. शेन्झेनमध्ये जे घडलं ते अख्ख्या देशाचा कायदा झालं.

आता उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग, डिसेंबर २०१३. जांग सोंग-थेक हे देशाचे सर्वेसर्वा किम जोंग-उन यांचे आतोबा. चीनबरोबरच्या आर्थिक क्षेत्रांची बोलणी त्यांनीच केलेली. त्यांना देहदंड झाला. आरोपपत्रातलं एक कलम असं: रासोनची जमीन पन्नास वर्षांसाठी परक्या देशाला विकली.

तीच मुदत, पन्नास वर्षं. एका देशात तिच्यासाठी घटना वाकली, दुसऱ्या देशात ती फितुरी ठरली. हे वाचल्यावर कुठला कारखानदार रासोनमध्ये सही करेल? सही घेणाऱ्याचाच जीव जिथे सुरक्षित नाही, तिथे करमाफीचं काय घेऊन बसायचं!

क्यूबाचीही थोडी अशीच गत. २०१३ मध्ये हवानाजवळ मारिएलचं क्षेत्र जाहीर झालं, ब्राझीलच्या कर्जातून बंदरही बांधलं. बाहेरून अमेरिकेचा फास: व्यापारासाठी क्यूबाच्या बंदराला लागलेल्या जहाजाला पुढचे १८० दिवस अमेरिकेत माल चढवता-उतरवता येत नाही, असा १९९२ चा कायदा. आणि आतून आपल्याच सरकारची गाठ: परदेशी कंपनीने माणसं घ्यायची ती सरकारी संस्थेमार्फत, असा तेव्हाचा नियम.

(दृश्य: केसोंग, कुंपणापलीकडचे कारखाने.)

मला सगळ्यात जास्त चटका लावतं ते केसोंग. कारण ते चाललं होतं. दक्षिण कोरियाच्या सीमेला लागून, सोलपासून गाडीने तासाभरावर. भांडवल दक्षिणेचं, वीजही दक्षिणेची, हात उत्तरेचे. डिसेंबर २००४ मध्ये पहिला माल निघाला: स्वयंपाकाची भांडी. पुढे सव्वाशेच्या आसपास कंपन्या आणि ५० हजारांहून जास्त कामगार, त्यांत बहुतेक बायका.

पगार त्यांच्या हातात पडत नव्हता. कंपनी डॉलर द्यायची सरकारला. सरकार त्यातलं काही कापून उरलेलं देशी चलनात आणि कूपनांत द्यायचं. मालकांना थेट पैसे द्यायची सोय नाही, म्हणून त्यांनी खाऊ द्यायला सुरुवात केली. चोको पाय, मार्शमॅलो भरलेला चॉकलेटचा छोटा केक. बायका तो तिथे न खाता घरी न्यायच्या. तो बाजारात विकला जाऊ लागला, केसोंगपासून दूरच्या गावांतही. अखेर २०१४ मध्ये उत्तरेने सांगितलं, हे वाटप बंद करा.

अण्वस्त्रं बाळगणारं सरकार एका केकला घाबरलं, कारण कुंपणाआडची चव गावात पोहोचत होती. शेन्झेनला हेच हवं होतं.

(दृश्य: रिकामा रस्ता, बंद फाटक.)

२०१६ च्या जानेवारीत उत्तरेने अणुचाचणी केली, फेब्रुवारीत रॉकेट सोडलं. १० फेब्रुवारीला दक्षिणेने केसोंग बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी उत्तरेने दक्षिणेच्या माणसांना हाकललं आणि यंत्रं, कच्चा माल, तयार माल, सगळं जप्त केलं. त्याच रात्री दक्षिणेने वीज तोडली. त्या ५० हजार जणांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, हे त्यांना विचारायला आजवर कुणाला जाता आलेलं नाही.