सुटे अंक आणि बांधीव पुस्तक

मंडळी, सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो. शाळेत असताना माझ्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे तीसेक अंक साठले होते. मे महिन्याच्या सुट्टीत ते बाइंडिंगला दिले. बाइंडरने पिना काढल्या, ‘उगाच जाडी वाढते’ म्हणून मुखपृष्ठंही काढून टाकली, दोरा ओवला, पुठ्ठा चढवला आणि तीन बाजूंनी झकास कटिंग मारलं. घरी येऊन उघडतो तर वेताळाच्या, म्हणजे ‘फँटम’ या बुरखाधारी नायकाच्या, डोक्यावरचे संवादाचे फुगे अर्धे छाटलेले आणि आतल्या बाजूची चित्रं शिवणीत गडप! पुस्तक देखणं झालं होतं, पण ते वाचता येत नव्हतं.

गंमत अशी, की मी ज्यांना सुटे अंक समजत होतो तेसुद्धा मुळात संग्रहच होते. ली फॉकचा वेताळ १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रात अवतरला. रोज एक आडवी पट्टी, तीन-चार चौकटी. १९६४ पासून इंद्रजालने त्या पट्ट्या कापून, जुळवून पानांवर बसवल्या. त्या नादात काही चौकटी गेल्या, काही आखडल्या आणि मूळचा ‘बेंगाली’ हा देश आपल्याकडे ‘डेंकाली’ झाला. सांधे कुठे आहेत ते आजही ओळखता येतं. दर तीन-चार चौकटींनी कोणीतरी दचकतो, आणि पुढच्याच चौकटीत कोणीतरी आपल्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगतो. काल काय झालं ते पेपरवाल्या वाचकाला आठवावं म्हणून केलेली ती सोय. सलग वाचताना मात्र कथेला उचकी लागल्यासारखं वाटतं.

या उचकीवर सगळ्यात जास्त घाम गाळला तो बेल्जियमचा चित्रकथाकार एर्जे याने. त्याचा धाडसी बातमीदार टिनटिन १० जानेवारी १९२९ पासून ब्रुसेल्समधल्या एका दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत येऊ लागला. आठवड्याला दोन पानं, आणि शेवटी काहीतरी अर्धवट लटकत ठेवलेलं. सुरुवातीची पुस्तकं म्हणजे तीच काळीपांढरी पानं, शंभरच्या वर. मग महायुद्ध आलं, कागद मिळेना. १९४२ मध्ये कास्टरमान या प्रकाशकाने अट घातली: रंगीत छापू, पण बासष्ट पानांत बसवा. आता शंभरावर पानं बासष्टांत कशी बसायची? एर्जेने जुन्या कथा कापल्या, चौकटी लहान केल्या, कित्येक नव्याने काढल्या. ज्या जागी वाचकाने आठवडाभर श्वास रोखून धरला होता, ती जागा आता पानाच्या मधोमध आली. डोळा सहज पुढे सरकतो. उलट सोनेरी नांग्यांच्या खेकड्याची कथा बासष्ट पानांना कमी पडली, म्हणून तिच्यात चार पानभर रंगीत चित्रं घातली. आज आपण त्या चित्रांचं कौतुक करतो. ती निघाली मात्र पानं भरण्याच्या गरजेतून!

‘काळं बेट’ या कथेचं नशीब आणखी वेगळं. १९३८ चं काळंपांढरं पुस्तक, १९४३ चं रंगीत आणि १९६६ चं पूर्णपणे नव्याने काढलेलं. ही कथा घडते ब्रिटनमध्ये, आणि तिथल्या प्रकाशकाने १३१ चुकांची यादी हातात ठेवली होती. मग स्टुडिओतला सहकारी बॉब द मूर जागेवर जाऊन रेखाटनं करून आला. माझं मत विचाराल तर मधली आवृत्तीच सरस. तिसरीतली आगगाडी अचूक आहे, पण पहिला वेग हरवला.

जपानात हा प्रश्न उगवतच नाही, कारण तिथे दोन्ही रूपांचं काम आधीपासून वाटून दिलेलं. चित्रकथांचं साप्ताहिक टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाडजूड, खरखरीत कागदाचं, वाचून टाकून द्यायचं. वाचकांना जी मालिका भावते तिचे खिशात मावणारे, दोनेकशे पानांचे खंड निघतात, आणि घरात ठेवायचे ते तेच. ‘शोनेन जंप’ हे साप्ताहिक १९९५ च्या सुमारास ६५ लाख प्रतींवर पोचलं होतं. त्यातल्या किती रद्दीत गेल्या असतील याचा हिशेब रद्दीवाल्यांनाच ठाऊक.

अमेरिकेत पुस्तकाने वेगळाच घोळ घातला. ‘वॉचमेन’ या चित्रकथेचे बारा अंक १९८६-८७ मध्ये आले. लेखक अॅलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्या करारात कलम होतं, की प्रकाशकाने ठरावीक काळ छपाई थांबवली तर हक्क या दोघांकडे परत येतील. त्या काळी असे संग्रह फार दिवस बाजारात टिकत नसत, त्यामुळे अट रास्तच वाटली. पण १९८७ मध्ये बारा अंकांचं एक पुस्तक निघालं आणि त्याची छपाई कधी थांबलीच नाही. हक्कही परत आले नाहीत. पुस्तक हातोहात खपलं, हाच लेखकाचा तोटा! पुढे तर लिहिणारे सुरुवातीपासून पाच-सहा अंकांचा हिशेब धरून कथा आखू लागले, म्हणजे एक पुस्तक बरोब्बर भरतं. सुटा अंक घेणाऱ्याला मात्र महिनाभर थांबून अर्धवट संभाषण हाती येतं.

याच ‘वॉचमेन’मध्ये प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ हे त्या अंकाचं पहिलं चित्र आहे, कथा तिथूनच सुरू होते. माझ्या बाइंडरच्या हाती ते अंक पडले असते तर बारा प्रकरणांची बारा डोकी उडाली असती. वाचकांच्या पत्रांची पानं आणि जाहिराती मात्र कंपन्याही बिनदिक्कत गाळतात. जाहिरातींचं दुःख नाही. पण पुढे काय होणार यावर वाचक ज्या पत्रांतून भांडत होते, ती आता जुन्या सुट्या अंकांतच सापडतात.

तेव्हा विकत घेताना एवढं करा. दुकानात पुस्तक मधोमध उघडा, दोन पानांवर पसरलेलं चित्र शोधा आणि तळहाताने दाबून बघा. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं असेल तर चित्रातल्या माणसाचं नाक घळीत जाईल. जास्त दाबलंत तर पानं हातात येतील आणि दुकानदार तुमच्याकडे बघेल. जुजबंदी, म्हणजे पानांच्या घड्या दोऱ्याने शिवलेलं असेल तर पानं सपाट पडतील. असे जाडे ऑम्निबस, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेले ठोकळे, महाग असतात, अंथरुणात पडून वाचताना छातीवर बसतात. पण नाक जागेवर राहतं.