पक्षांतर कोणत्या दाराने होतं?

आमदार पक्ष बदलतात, लोक वैतागतात आणि मतदानाला बाहेर पडत नाहीत, असं आपण चहाच्या टपरीवरही ऐकतो. आकडे मात्र तसं सांगत नाहीत. महाराष्ट्रात २०१९च्या विधानसभेला सुमारे ६१ टक्के मतदान झालं. मधल्या पाच वर्षांत शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली आणि २०२४ला मतदान ६६ टक्क्यांवर गेलं. टक्केवारी वाढायला कारणं अनेक असतात, फुटीमुळे उत्साह आला असं मी म्हणणार नाही. पण टक्केवारीत हा प्रश्न सापडत नाही, हे खरं. नेता कोणत्या दाराने बाहेर पडला ते बघा, मग मतदाराच्या हाती काय उरलं ते कळतं.

पहिलं दार राजीनाम्याचं. उदयनराजे भोसले २०१९च्या मे महिन्यात राष्ट्रवादीतर्फे साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले, सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली आणि श्रीनिवास पाटलांनी त्यांना सुमारे ८७ हजार मतांनी हरवलं. याच सातारकरांनी २०२४ला त्यांना कमळावर निवडूनही दिलं. पाडायचं की पदरात घ्यायचं, दोन्ही वेळा मतदारांनी ठरवलं. कर्नाटकात २०१९च्या डिसेंबरमधल्या पोटनिवडणुकांत भाजपने उभे केलेल्या १३ पक्षांतरितांपैकी ११ जिंकले. निकाल आवडो न आवडो, विचारलं तरी गेलं.

दुसरं दार विलीनीकरणाचं. पक्षांतरबंदीचे नियम असलेल्या घटनेच्या दहाव्या अनुसूचीत १९८५ साली एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला सूट होती. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ती गेली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. गोव्यात याचा हिशोब अगदी बोटांवर मांडता येतो. जुलै २०१९मध्ये काँग्रेसचे १५ आमदार होते, त्यातले बरोबर १० भाजपमध्ये गेले. नऊ गेले असते तर अपात्रतेची टांगती तलवार. २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या. ११ निवडून आले. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे ७.३३, म्हणून आठ लागतात. सप्टेंबर २०२२मध्ये आठच गेले. शपथेपेक्षा भागाकार भारी! या दाराने गेलं की पोटनिवडणूक नाही, मतदाराने पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायचं. मूळ पक्ष विलीन झाला का, हा प्रश्नही तिथे आडवा आला नाही. दोन तृतीयांश आमदारांची संमती पुरेशी, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२मध्ये मान्य केलं.

तिसरं दार आपल्याकडचं. आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच पक्ष. जून २०२२ला शिवसेनेत बंड झालं. अपात्रतेचा निकाल विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ला दिला, म्हणजे दीड वर्ष उलटून गेल्यावर. त्यात दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या खटल्यात २०२०मध्येच सांगितलं होतं.

नागरिकाला इथे काहीच करता येत नाही का? येतं. अपात्रतेची याचिका फक्त सभागृहाच्या सदस्यानेच करावी असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या प्रकरणात २०१३ला स्पष्ट केलं. पण घटनाक्रम, कागदोपत्री पुरावे आणि रीतसर सत्यापन नसेल तर याचिका दारातच फेटाळली जाते. वर्तमानपत्राचं कात्रण जोडून राग व्यक्त करणं म्हणजे याचिका नव्हे.

खालच्या पातळीवर, म्हणजे स्थानिक संस्थांत, पक्षांतरबंदीचा १९८६चा वेगळा राज्य कायदा आहे. निकालानंतर महापालिकेतल्या सदस्यांचे पक्षवार गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवतात, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेचे जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रकरणं हमखास अडकतात ती व्हीपवर, म्हणजे कसं मतदान करायचं या पक्षाच्या आदेशावर. ‘मला व्हीप मिळालाच नाही’ हा ठरलेला बचाव. म्हणून जाणता गटनेता हातोहात बजावून पोच घेतो. सदस्य ‘सहली’वर असेल तर दाराला चिकटवून पंचनामा करतो. ग्रामपंचायतीत पक्षचिन्हच नसतं, त्यामुळे सरपंच कुठेही गेला तरी हा कायदा त्याला शिवत नाही.

खरी झीज मला बूथवर दिसते. मतदान सातला सुरू होणार असेल तर साडेपाचला पक्षांच्या एजंटांसमोर अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान असतं. किमान ५० मतं टाकून, मोजून, यंत्र पुन्हा शून्यावर आणतात. एजंट आलेच नाहीत तर केंद्राध्यक्ष पंधरा मिनिटं वाट पाहून पुढे जातो. त्या पहाटे जो माणूस खिशात नमुना १०, म्हणजे एजंट म्हणून नेमणुकीचं पत्र, घेऊन उभा असतो, तो पगारी नसतो. त्याने पाच वर्षं भावकीत वाद घातलेले असतात, चिठ्ठ्या वाटलेल्या असतात, शेजाऱ्याशी अबोला धरलेला असतो. नेता पलीकडे गेला की त्याच्यापुढे दोनच पर्याय. ज्यांच्याशी भांडला त्यांच्याच मांडवात जाऊन बसायचं, नाहीतर घरी. बरेच जण घरी बसतात. मतदानाला ते येतात, म्हणून टक्केवारीत ही गळती उमटत नाही. ती उमटते संध्याकाळी, केंद्राध्यक्ष सतरा-सी हा मतांच्या हिशोबाचा नमुना भरून एकूण किती मतं पडली त्याच्या प्रती एजंटांना देतो तेव्हा. मतमोजणीच्या टेबलावर यंत्राचा आकडा ताडून पाहायला हाच कागद लागतो आणि काही केंद्रांवर एखाद्या पक्षाची प्रत घ्यायला कुणीच नसतं.