आवाज खालून येतोय

(पडदा काळा. फक्त इंजिनाचा आवाज.)

चित्र दाखवण्याआधी थोडं ऐका.

ही जुनी चार स्ट्रोक मोटरसायकल आहे. सिलिंडर एकच, व्हॉल्व्ह पुशरॉडवर (लांब दांड्यांवर) चालणारे, बोर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९०. ‘टॅपेट वाजतायत’, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांतली फट वाढलीय, असं निदान हिच्याबाबतीत दोनदा झालं. दोन्ही वेळा टॅपेट नीट लावले, पण आवाज काही गेला नाही.

टॅपेटची टिकटिक हलकी आणि कोरडी असते, शिलाई मशीनसारखी. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य शाफ्टच्या, निम्म्या वेगाने फिरते, म्हणून १००० आरपीएमला एक व्हॉल्व्ह मिनिटाला ५०० वेळाच उघडतो. ती लय कानाला कळते. हा आवाज मात्र जड आहे, पोटातून आल्यासारखा.

(लांब स्क्रूड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर.)

इंजिनाच्या माथ्यावर, रॉकर कव्हरपाशी, आवाज पुसट येतो, सिलिंडरपाशी थोडा वाढतो आणि तळाच्या क्रँककेसवर टोक टेकवताच थेट ठोका बसतो. पिस्टन स्लॅप, म्हणजे सैल पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं, असता, तर इंजिन तापल्यावर आवाज कमी झाला असता, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो आणि फट भरून काढतो. इथे उलट होतंय. तेल गरम होऊन पातळ झालं की ठोका वाढतो. हँडलवरच्या लिव्हरने ठिणगी थोडी उशिरा पाडली की लगेच मवाळ होतो. पिस्टनवरचा दाब कमी झाला की आवाजही कमी होतो, म्हणजे दाब झेलणारंच काहीतरी झिजलेलं आहे. संशय बिगेंडवर, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या खालच्या बेअरिंगवर.

तरी इंजिन लगेच खोलायचं नाही. प्रायमरी चेन (क्रँककडून क्लचकडे जाणारी) ढिली असली किंवा इंजिन स्प्रॉकेटचं नट सैल झालं असलं, तर अगदी असाच ठोका येतो, आणि त्यापायी अख्खी क्रँक विनाकारण उघडली जाते. आधी प्रायमरीचं झाकण काढून पाहिलं. चेन ठीक, नट घट्ट. मग तेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं आणि त्यावरून चुंबक फिरवला. चुंबकाला पोलादाच्या चकचकीत पापड्या चिकटल्या. आता हेड उतरवायला हरकत नाही.

(सिलिंडर निघाला आहे. कनेक्टिंग रॉड हातात.)

रॉड डावीकडे-उजवीकडे थोडा हलतो, ते चालतं. वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये. क्रँक वरच्या टोकाला धरून रॉड खेचला आणि दाबला. टक्. हातालाच कळलं.

सिलिंडर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांना मोजला. सर्वांत जास्त झीज वर, जिथे रिंगा पोहोचतात तिथे. खाली बोर जवळजवळ मूळ मापाचा. रिबोर, म्हणजे बोर कापून मोठा करणं, अटळ. ओव्हरसाइज पिस्टन आधी आणायचा, तो मोजायचा, आणि त्याच्या मापाने बोर करायचा. उलट क्रमाने केलेलं काम मला कधीच पटलेलं नाही.

आता क्रँक. तिची दोन्ही फ्लायव्हील (जड चाकं) प्रेसवर वेगळी केली आणि बिगेंड जिच्यावर फिरतं ती क्रँकपिन बाहेर आली. पृष्ठभाग खवल्यांसारखा सोललेला. नवी पिन, नवे रोलर टाकून काम संपवता आलं असतं. पण पिनमधल्या तेलाच्या छिद्रात तार घातली, तर ती आत जाईना. वर्षानुवर्षांचा काळा गाळ दगडासारखा घट्ट बसला होता. बिगेंड नुसत्या वापराने झिजलं नव्हतं, ते तहानेनं मेलं होतं. हा गाळ तसाच राहिला असता तर नवे रोलरही याच वाटेने गेले असते. म्हणून फ्लायव्हीलमधल्या, केसमधल्या आणि पंपाच्या सगळ्या वाटा मोकळ्या केल्या, हवा मारून तपासल्या.

जुळणीत सर्वांत जास्त वेळ क्रँक सरळ करण्यात गेला. दोन सेंटरांमध्ये धरायची, डायल गेज लावायचं, हळूहळू फिरवायची, काटा कुठे चढतो ते पाहून तांब्याच्या हातोड्याने काठावर एक ठोका द्यायचा आणि पुन्हा फिरवायची. काट्याची हालचाल ०.०५ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत दुपार सरली. या कामात घाई करणाऱ्याच्या हातून इंजिन थरथरतच बाहेर पडतं.

बाकीचं भराभर झालं. रिंगा बोरमध्ये सरकवून तोंडाची फट मोजली, व्हॉल्व्ह घासून बसवले, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडते ती) क्लिपा नव्या घातल्या. प्लग काढून किक मारत राहिलो, टाकीत परतीचं तेल दिसेपर्यंत. त्याआधी ठिणगी दिलीच नाही.

(इंजिन सुरू होतं. निवेदन थांबतं. पंधरा सेकंद फक्त आवाज.)

ती हलकी टिकटिक ऐकलीत? हे टॅपेट. आधीही वाजत होतेच, पण ठोक्याखाली दबले होते.

थोडं अंतर चालवून पहिलं तेल काढलं आणि पुन्हा पांढऱ्या फडक्यातून गाळलं. चुंबकावर बारीक राखाडी भुकटी आली, नव्या रिंगा बसताना येते तशी. चकाकणारी पापडी एकही नाही.